कलावतीबाईंची सहा बाय सात

कलावतीबाईंनी आजवर एकेचाळीस गोधड्या शिवल्या, आणि त्या सगळ्या दीड हात लांबीच्या माणसांसाठी. रायपूरपासून गोंदियापर्यंत त्यांच्या नात्यात असं एकही बाळ जन्मलं नाही, ज्यानं कलावतीबाईंची गोधडी ओली केली नाही. छोट्या गोधडीला ना जागा लागते ना वेळ. पलंगाच्या कडेला बसून, डाळ शिजेपर्यंत तिची एक बाजू होऊन जाते.

नत्थूजी रेल्वेतून निवृत्त झाले तेव्हा त्यांना शाल मिळाली, घड्याळ मिळालं, चार भाषणं मिळाली. कलावतीबाईंना निवृत्त करायला कोणीच आलं नाही. मग बासष्टाव्या वर्षी त्यांनी स्वतःच स्वतःला एक गोधडी जाहीर केली. सहा फूट बाय सात फूट.

"इतकी मोठी कोनासाठी वो?" नत्थूजींनी विचारलं.

"माह्यासाठी."

"अन् मी?"

"तुम्हाले रेल्वेनं शाल देल्ली ना."

रायपुरातल्या पंडरीच्या ठोक बाजारातून किलोवर मिळणारे तुकडे आले. आतल्या थरांना जुन्या सुती साड्या निघाल्या. दीक्षाभूमीला पहिल्यांदा नेसून गेलेली पांढरी साडी मधोमध बसवायचं ठरलं. अडचण एकच होती, एवढी गोधडी मांडीवर होत नाही. ती जमिनीवर अंथरायची, थर ओढून ताठ करायचे आणि तिच्यावरच ठाण मांडून कडेपासून टाके घालत फेऱ्याफेऱ्यानं आत यायचं. शिवणारी बाई हेच तिचं वजन. ती उठली की थर सरकले.

अशी मोकळी फरशी त्या घरात एकाच ठिकाणी होती, बैठकीत टीव्हीसमोर. कलावतीबाईंनी ती सुट्टीचे दिवस सोडून रोज दुपारी एक ते चार ताब्यात घेतली. चारला नत्थूजींचे मित्र यज्ञेश्वर चहाला येत, म्हणून साडेतीनलाच त्या गोधडीला मोठेमोठे कच्चे टाके घालत, वळकटी करून पलंगाखाली ढकलत, जमिनीवरचा दोरा न् दोरा वेचत आणि वर फरशीही पुसून घेत. दुसऱ्या दिवशी पुन्हा अंथरणं, थर ओढणं, कच्चे टाके उसवणं. तीन तासांतला एक तास मांडण्यात आणि आवरण्यातच जाई. चार महिने झाले तरी दोनच फेरे पुरे झाले होते. कलावतीबाईंच्या नीटनेटकेपणाचं सगळ्या नात्यात नाव होतं, आणि त्याच नीटनेटकेपणानं त्यांचा घात केला.

कारण एका रविवारी संध्याकाळी त्यांच्या मुलाला, राकेशला, मोठाच शोध लागला. आपल्या घरात चक्क जागा रिकामी आहे! राकेश नवा रायपूरला सरकारी कचेरीत नोकरीला होता. जागा दिसली की मोजायची हा त्याचा हातखंडा. त्यानं टेप लावली. सहा बाय सात. बायको चेतनानं मोबाइलवर डायनिंग टेबल पसंत केलं, सहा खुर्च्यांसह. कलावतीबाई तेव्हा आत पोळ्या लाटत होत्या. फरशीवर त्यांचा एखादा दोरा जरी राहिला असता, तरी पुढचं सगळं टळलं असतं.

बुधवारी दुपारी दोन वाजता टेम्पो दारात उभा राहिला. भैय्यालाल नावाचा माणूस एका गड्यासोबत टेबल धरून उंबऱ्यात आला आणि थबकला. समोर गोधडी, गोधडीवर कलावतीबाई, तोंडात सुई.

"माताजी, थोड़ा उठ जाइए. टेबल रखना है."

कलावतीबाईंनी सुई काढली. "कुठचा टेबल?"

"डाइनिंग. राकेश भैया के नाम से है."

"भैयाचं नाव हाये त भैयाच्या आफिसात नेऊन ठेवा."

भैय्यालालनं फोन लावला आणि स्पीकर चालू करून गोधडीच्या काठावर अदबीनं ठेवला. त्यातून राकेश म्हणाला, "आई, पाच मिनिटं उठ ना. ठेवून जातील ते."

"उठली का थर सरकतात."

"अवं, पन त्या जागेत असते काय? रिकामीच त राहाते ते!"

कलावतीबाईंचा हात थांबला. चार महिने रोज दुपारी त्या इथं बसत होत्या, आणि रोज स्वतःच्या हातानं स्वतःला पुसून काढत होत्या. पोराची चूक नव्हती. त्यानं जे पाहिलं ते मोजलं.

"राकेश," त्या म्हणाल्या, "ते रिकामी राहात नाही रे. मी रोज रिकामी करते. आजपासून नाही करत."

राकेशनं फोन ठेवला. भैय्यालालनं टेबलाचं एक टोक सोडून घाम पुसला. "हव माताजी," तो म्हणाला, "हमर दाई घलो नइ उठय." त्याची आईही कथरी शिवायला बसली की उठायची नाही. एवढा अनुभव गाठीशी असलेला माणूस वाद घालत नाही. त्यानं टेबल बाहेर पोर्चमध्ये लावलं, सहा खुर्च्या मांडल्या, सही घेतली आणि गेला.

साडेतीन वाजले. नत्थूजी झोपेतून उठून आले. "राकेशची माय, उचल ना आता. यज्ञेश्वर येऊन राहिला."

"येऊ द्या. बाहेर सहा खुर्च्या हायेत."

यज्ञेश्वर आले, टेबलाच्या टोकाच्या खुर्चीवर बसले आणि दोन्ही हात पसरून म्हणाले, "नत्थू, आज मले साहेब झाल्यासारखं वाटून राहिलं." त्या दिवशी त्यांनी दोन कप चहा घेतला.

खरी लढाई संध्याकाळी झाली. राकेश आणि चेतना घरी आले तरी गोधडी जागची हलली नव्हती आणि कलावतीबाई गोधडीवरून.

चेतनाला रडू यायचंच बाकी होतं. "आई, रविवारी माझ्या आफिसच्या बायका जेवायले येऊन राहिल्या. त्यांना काय पोर्चमध्ये बसवू?"

"बसव. नाहीतर इथं काठाकाठानं बसव, दोन-दोन टाके घालतील."

कॉलेजातून आलेली नात पायल सोफ्यावर पाय वर घेऊन खूश होती. "दादी, एकदम धरना लग रहा है!"

राकेशनं तडजोड काढली. "आई, तुझी जागा आपन बेडरूममध्ये करू. पलंग सरकवून."

"सरकवून किती होते?"

मोजल्याशिवाय बोलणाऱ्यातला राकेश नव्हता. तो आत गेला, टेप लावून आला. "चार बाय तीन," तो जरा हळूच म्हणाला.

"ते लेकराची गोधडी झाली, बापू. एकेचाळीस शिवल्या म्या तसल्या. आता हे माही हाये, अन् माह्याएवढी हाये. आन ते टेप इकडं."

त्यांनी टेप घेतली, शिवणाचा खडू घेतला आणि गोधडीच्या चारही बाजूंनी फरशीवर रेघ ओढली. सहा बाय सात, राकेशच्याच मापानं, एक बोट कमी नाही की जास्त नाही. मग रेघेच्या आत बसून त्यांनी चष्मा पुसला.

जेवायला उठताना त्यांनी गोधडीच्या चारही कोपऱ्यांवर धान्याचे डबे ठेवून थर दाबले. त्या घराचं डायनिंग टेबलावरचं पहिलं जेवण पोर्चमध्ये झालं. रस्त्यानं जाणाऱ्या तिघांनी थांबून विचारलं, "भंडारा है क्या?" त्यातल्या एकाला नत्थूजींनी आग्रहानं बसवूनही घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चेतना झाडू मारत खडूच्या रेघेपाशी आली, थांबली, दोन शब्द मनातल्या मनात बोलली आणि रेघेच्या बाहेरून वळली.

दुपारी एक वाजता कलावतीबाई थेट गोधडीवर जाऊन बसल्या. अंथरायचं नव्हतं, ओढायचं नव्हतं, उसवायचं नव्हतं. अर्धवट राहिलेला तिसरा फेरा दोनच्या आत संपला. चौथा पांढऱ्या साडीच्या काठाला लागला तेव्हा बाहेर यज्ञेश्वरांनी खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

चार वाजले होते. कलावतीबाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि सुईत नवा दोरा ओवला.