चोथ्याचा वाटा

आमच्या व्हॉसच्या खोऱ्यात म्हातारं माणूस खाटेला खिळलं की घरचे मयताच्या बिअरसाठी सातू भिजत घालतात. मोड यायचे, ते वाळायचे, मग बिअर काढायची, याला वेळ लागतो आणि मरण काही थांबत नाही. शेजारच्या स्यूरने तर स्वतःच सांगितलं, "आता माझे भिजवा."

साऱ्या खोऱ्यातल्या लग्नाबारशांची बिअर जन्मभर त्यानेच काढली. तोंडाचा फटकळ, पण त्याच्या तांब्याच्या हंड्यापुढे भलेभले टोपी काढत. मुलगे अमेरिकेला गेलेले, म्हणून हंड्याचं काम आलं धाकट्या लेकीकडे, गूरोकडे. तिने आजवर चुलीत लाकडं सारण्यापलीकडे काही केलं नव्हतं. आणि मयताला बिअर कमी पडली, तर आमच्याकडे ते घर नातवंडांपर्यंत बोलणी खातं.

मी मदतीला गेले तेव्हा हंड्यात जुनिपर झुडपाच्या डहाळ्या टाकून पाणी तापत होतं. मधलं दार सताड उघडं. स्यूरने खाटेवरूनच विचारलं, पाणी किती घेतलंस? गूरो म्हणाली, बारा बादल्या. पिंपं मिळून बारा बादल्यांची, मग पाणीही तेवढंच.

स्यूर इतका हसला की त्याला ठसका लागला.

"आणि चोथ्याला काय उपाशी ठेवणार, पोरी?"

मग त्याने उलट्या टोकाने मोजायला घेतलं. आधी माणसं. डोळे मिटून तो खोऱ्याच्या वरच्या अंगापासून एकेक घर घेत खाली उतरला. कोण एक पेला पिईल, कोण चार, कोणाची बायको मध्येच डोळे वटारेल. बांधावरून ज्याच्याशी कित्येक वर्षं अबोला, त्या आस्लाकलाही त्याने धरलं. गूरोने भुवया उंचावल्या.

"येईल तो. मी खरंच मेलोय का ते बघायला. दोन पेले धर त्याला."

पिंपं पुरणार होती. पण पिंपांत बारा बादल्या उतरायच्या तर पाण्याला आणखी वाटेकरी होते. सातूचा चोथा पाच बादल्या पितो, त्या परत मिळत नाहीत. दिवसभर आटवताना वाफ आठ नेते. तळचा गाळ एक. म्हणजे हवं सव्वीस बादल्या पाणी.

मी जन्मभर ती बिअर प्यायले, पण एका पेल्यामागे दुसरा पेला हवेत आणि चोथ्यात जातो हे कधी मनात आलं नव्हतं. आणि हा माणूस आपल्याच मयताला येणाऱ्यांची तहान मोजत होता. आवाजात जरासुद्धा कापरं नाही. मी तिथेच चुलीपाशी बसून राहिले. चर्चमध्येही मला कधी तसं वाटलं नव्हतं.

बिअर झाली तेव्हा स्यूर अजून होता, पण आवाज पार खोल गेलेला. गूरोने पहिला पेला त्याच्याकडे नेला. त्याने मान फिरवली.

"परत ओत. कमी पडेल. मी मला धरलं नव्हतं."

"मी धरलं होतं, बाबा," गूरो म्हणाली. "सत्तावीस ओतल्या."

स्यूरने मान परत तिच्याकडे वळवली. या माणसाने कधी कोणाची पाठ थोपटल्याचं मला आठवत नाही. पेला उचलायची ताकद त्याच्यात उरली नव्हती, तो गूरोनेच धरला. तो थांबत थांबत सगळा प्यायला आणि ओठ पुसून म्हणाला, "हंडा नीट घासून ठेव. तुझा आहे आता."