विलायती की बंगळुरी

वामनराव केळापुरे गेल्याचा फोन आला तेव्हा मी रायपूरच्या गोल बाजारात स्टीलचे डबे पाहत उभा होतो. फोनवर त्यांच्या पत्नी होत्या, सिंधूवहिनी. "भाऊजी, हे गेले," एवढंच म्हणाल्या. आणि मग तक्रार करावी तशा सुरात, "मी दोनदा हाक मारली. ओ दिली नाही. मले वाटलं, नेहमीसारखंच…" पुढचं दुकानातल्या भांड्यांच्या आवाजात बुडालं. त्या 'नेहमीसारखंच'मागे काय होतं ते मला ठाऊक होतं, त्यांना नव्हतं. सांगणार नाही असा शब्द मी वामनरावांना दिला होता. शब्द घेणारा माणूस गेल्यावर त्या शब्दाचं काय करायचं, या प्रश्नावर मी पाच आठवडे अडून बसलो.

वामनराव रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाले आणि समता कॉलोनीतल्या पुढच्या खोलीत त्यांनी स्वतःच्या हातानं एक ॲम्प्लिफायर बांधला. पेटी नाही, झाकण नाही, नुसता पत्रा आणि त्यावर जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह, निखाऱ्यासारखे लालसर पेटलेले. त्यांच्याकडे व्हॉल्व्हच्या दोन जोड्या होत्या. एक विलायती, एक बंगळुरात बनलेली. दोन्हींच्या आवाजात फरक आहे आणि तो आपल्याला डोळे मिटून कळतो, असा त्यांचा दावा होता. मी आयुष्यभर इतिहास शिकवला, त्यामुळे दावे ऐकण्याची मला सवय आहे. मी हसलो. त्यावर त्यांनी मला दर रविवारी सकाळी यायला सांगितलं. "तुम्हाले कान नाहीत, प्राध्यापक. म्हणूनच तुमच्यावर भरोसा आहे."

परीक्षेचे नियम त्यांचेच. ते सेटकडे पाठ करून खुर्चीत बसत. मी सेट बंद करायचा, तापलेले व्हॉल्व्ह फडक्यानं धरून काढायचे, मनाला येईल ती जोडी बसवायची, ती तापेपर्यंत पाच मिनिटं थांबायचं आणि त्याच तबकडीवर त्याच जागी सुई ठेवायची. तेवढा वेळ कुणी बोलायचं नाही. अशा पाच फेऱ्या. पाचांत प्रत्येक जोडी निदान दोनदा यायलाच हवी, म्हणजे परीक्षकाला लबाडी करता येणार नाही. आणि शेवटचा नियम त्यांनी स्वतःवर लादलेला होता: ज्या रविवारी दोन उत्तरं चुकतील, त्या रविवारपासून सेट कायमचा बंद. आठ वर्षांत त्यांची दोन उत्तरं एकदाही चुकली नाहीत. माझा अविश्वास हळूहळू मोडत गेला, आणि मला ते फारसं आवडलं नाही.

मग एका रविवारी ते पहिल्याच फेरीत खात्रीनं म्हणाले, "विलायती." आत बंगळुरी जोडी होती. दुसऱ्या फेरीतही चुकले. मी फडकं हातात धरून उभा होतो. समोर त्यांची ताठ मान, विरळ केस, आणि ते दोन कान, ज्यांच्यावर त्या माणसानं सगळा संसार बेतला होता. "बरोबर," मी म्हणालो. एकदा म्हटल्यावर पुढच्या रविवारी वेगळं काय म्हणणार? ते चुकत गेले, मी 'बरोबर' म्हणत गेलो.

त्याच सुमारास नवं राज्य होऊन रायपूर राजधानी झालं होतं. काल-परवापर्यंत जिथे म्हशी बसत तिथे पाट्या लागल्या, आणि भोपाळहून आलेल्या साहेबांना आपापले शौक मांडायला मोठाले दिवाणखाने मिळाले. त्यांतल्या एका साहेबांनी परदेशातून जुने व्हॉल्व्ह मागवले होते. वामनरावांची कीर्ती त्यांच्या कानावर गेली आणि आमंत्रण आलं: पाहुण्यांसमोर केळापुरेजींनी देशी-विदेशी ओळखून दाखवायचं. वामनराव लगेच हो म्हणाले. जाण्याआधी आठ दिवस होते, आठही दिवस मी त्यांच्या घरी गेलो, आणि आठही दिवस हवापाण्यावर बोलून परतलो. स्कूटरवर मागे बसलो असतानासुद्धा दोनदा तोंड उघडलं, आणि मिटलं.

साहेबांच्या दिवाणखान्यात चाळीसेक माणसं होती. मखमल अंथरलेल्या ताटात व्हॉल्व्ह ठेवले होते, आरतीच्या तयारीसारखे. वामनरावांच्या डोळ्यांवर रेशमी रुमाल बांधला. पहिली जोडी वाजली. दुसरी वाजली. कुणी कप खाली ठेवला त्याचाही आवाज झाला. "बताइए केळापुरेजी, विदेशी कौन-सा?" मी भिंतीला टेकून उभा होतो. वामनरावांनी रुमाल स्वतःच सोडला, नीट घडी करून साहेबांच्या हातात दिला आणि म्हणाले, "मुझे कोई फ़र्क़ सुनाई नहीं देता, साहब."

साहेबांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं, हा व्हॉल्व्हचा निकाल आहे. तेवढ्यात एक ठेकेदार उठला, "मतलब अपना देसी माल भी बराबर का है!" आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. स्वदेशीवर दोन भाषणं झाली. एका माणसानं चारचौघांत आपला बहिरेपणा कबूल केला होता आणि त्याच्या गळ्यात हार पडत होता.

परतताना त्यांनी चहाच्या टपरीशी स्कूटर थांबवली. "प्राध्यापक, दोन महिन्यांमागे एका रविवारी मी पाचही वेळा 'विलायती' म्हटलं. मुद्दाम. तुम्ही पाचही वेळा 'बरोबर' म्हणाले. अहो, दोनदा तरी बंगळुरी यायलाच पाहिजे होती ना? नियमच आहे." दयेच्या भरात मी साधी मोजणी विसरलो होतो. "मग तिथे गेलात काहून?" मी विचारलं. "तुम्ही अडवता का, ते पाहून राहिलो होतो. घरी सांगाल वाटलं. रस्त्यात सांगाल वाटलं. साहेबाच्या फाटकावर तरी…" राग नव्हता आवाजात. राग असता तर बरं झालं असतं. मग म्हणाले, "आता एक करा. सिंधूले सांगू नका. ती गुढ़ियारीला माहेरी सांगेल, मग पुरा पारा-मोहल्ला मले मोठ्यानं 'काका, जेवले का' विचारत सुटेल."

चाळीस माणसांपुढे खरं बोललेला तो माणूस बायकोपुढे मात्र दोन वर्षं गप्प राहिला. समोर बसून बोललेलं त्यांना कळे; आतल्या खोलीतली हाक कळत नसे. फोन वाजला की वर्तमानपत्रात डोकं खुपसत. रविवारच्या परीक्षा संपल्या; सेट मात्र त्यांनी स्वतःचाच नियम मोडून चालू ठेवला.

परवा रविवारी वहिनींनी मला बोलावलं. आठवड्यातून एकदा सेट चालवला नाही तर दमट होतो, असं वामनराव म्हणायचे, आणि वहिनींना बटणं ठाऊक नव्हती. मी सेट लावला. आवाज हलकाच ठेवला, नुकतंच माणूस गेलेल्या घराला शोभेल असा. व्हॉल्व्ह तापेपर्यंत पाच मिनिटं थांबलो. मग वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, खरं सांगा. ते माझ्यावर नाराज होते का? दोन वर्षं मी हाका मारून राहिले, अन् हा माणूस ओ देत नव्हता. एकदा मीही तीन दिवस बोलले नाही. त्यांच्या ध्यानातही आलं नाही…"

'नाही हो, कामात असायचे,' हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं.

"वहिनी, त्यांना ऐकूच येत नव्हतं," मी म्हणालो. "मला तीन वर्षांपासून ठाऊक आहे."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत माझ्यासाठी जे होतं ते मी इथे लिहिणार नाही. मग पदरानं चेहरा पुसला. "म्हणजे रुसले नव्हते," त्या स्वतःशीच म्हणाल्या. उठून सेटपाशी गेल्या. "यातलं आवाजाचं कोणतं?" मी दाखवलं. त्यांनी ते बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. खिडकीची तावदानं थरथरली. समोरच्या गच्चीवरून कपडे वाळत घालणारी पोट्टी ओरडली, "क्या हो गया, आंटी?"

वहिनी खिडकीत गेल्या आणि सगळ्या कॉलोनीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या, "कुछ नहीं, बेटा! अंकल को कम सुनाई देता है!"