अभ्रकाची विहीर

नागभीडपासून थोड्या अंतरावर आमचे धानाचे शेत आहे. सातबारा पत्नीच्या नावावर. पत्रव्यवहार मात्र माझा. न्यायालयातली कारकुनी संपली, तरी कारकून संपत नाही.

उन्हाळ्यात तिथे विहीर खणायला घेतली. पुरुषभर खाली गेल्यावर मातीत चकाकणारे पापुद्रे लागले. नखाने सोलले की आरपार दिसत. आमच्या भागात असे पापुद्रे अनेकांना लागतात. लोक ते मातीबरोबर बांधावर टाकतात आणि खणत राहतात. मी तसे केले नाही. भूगर्भातील खनिज शासनाचे, हे मला ठाऊक होते. म्हणून मी तहसील कार्यालयास दोन पानी पत्र लिहिले आणि सोबत नमुन्याची पुडी जोडली.

उत्तर पत्नीच्या नावाने आले. पुढील आदेशापर्यंत खोदकाम बंद ठेवावे.

तिने ते माझ्यापुढे टाकले. "तुमाले कोनं इचारलं होतं का?"

"कायद्यानं विचारलं होतं."

"मंग कायद्यालेच सांगा पानी भरायले. हापशीवर जाऊन माहे गुडघे गेले."

मी सात अर्ज केले. एक टेबल दुसऱ्याकडे बोट दाखवी, दुसरे तपासणी अहवालाकडे. अखेर अहवालाची प्रत मिळाली: 'मस्कोव्हाइट अभ्रक, व्यापारीदृष्ट्या निरुपयोगी.' घरी येऊन शब्दकोश उघडला. मॉस्को शहराच्या रहिवाशालाही इंग्रजीत हाच शब्द आहे. तिकडे एके काळी काचेऐवजी अभ्रकाची तावदाने बसवत, त्यावरून खनिजाला हे नाव पडले. मी हे पत्नीला वाचून दाखवले.

"मास्कोचे लोक आपल्या धानाच्या बांधीत येऊन बसले म्हना," ती म्हणाली. "मंग त्याइलेच लावा खोदायले. तुमी तर लावत नाई."

मला हसू आले नाही. निरुपयोगी म्हणून लेखी कळवलेल्या वस्तूसाठी लेखी बंदी कायम होती, कारण 'पुढील आदेश' काढण्याचा अधिकार कोणाचा, हे त्या इमारतीत कोणालाच सांगता येत नव्हते. आणि ज्या फाटकाला हे कुलूप लागले होते, ते मी स्वतः, सुवाच्य अक्षरात, ओढून घेतले होते. पाऊस जवळ आला होता. बांधून न काढलेली कड एका सरीतच ढासळली असती.

आठव्या अर्जासाठी मी तालुक्याला गेलो आणि दुपारी परतलो, तेव्हा शेतात माणसे दिसली. पत्नीने खणणाऱ्यांना बोलावून घेतले होते. पाणी लागले होते.

आमच्याकडे पहिल्या पाण्याने भरलेली पितळी गुंडी वर येते, ती मालकाने प्यायची. तोवर खणणारा खड्ड्यातून वर येत नाही. तो कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून ओरडला, "भाऊ, प्या लवकर! पाय गारठून राह्यले!"

मी गुंडी हातात घेतली नाही. "बंदी आहे," म्हणालो.

"काऊन, पान्याले बी नोटीस देता का?" वरचे दोघे हसले.

पत्नीने गुंडी उचलली. "सातबाऱ्यावर मी हावो. मालकीन मीच." ती घटाघटा प्यायली, पदराने तोंड पुसले आणि खाली वाकून म्हणाली, "ये बाबू, वर ये."

मग उरलेले पाणी तिने माझ्यापुढे धरले. गुंडी जड होती. मी प्यालो.

त्याच सायंकाळी मी पत्र लिहायला बसलो. आदेशाचा भंग झाल्याचे कळवणे माझे कर्तव्य होते, अजूनही आहे. विषय लिहिला, संदर्भ लिहिला, आदेशाचा क्रमांक उतरवला. त्यानंतर खातेदाराचे संपूर्ण नाव लिहावे लागते. तिथे लेखणी थांबली, ती थांबलीच.

विहीर आता दगडांनी बांधून झाली आहे. बंदी उठलेली नाही. पोस्टमनची सायकल फाटकाशी वळली की मी पत्नीच्या आधी बाहेर जातो.