आईच्या अंगठ्यातला नंबर

कंपनी तीच, नंबर तोच, फक्त फोन दुसरा. त्यात एवढं काय, असं मी आईला म्हणाले होते. मी शाळेत गणित शिकवते, आणि सोप्या गोष्टी लोक उगाच अवघड करून ठेवतात यावर माझा पक्का विश्वास आहे. निदान त्या दिवशी दुपारपर्यंत होता.

आईचा बटणांचा फोन पाण्याच्या बादलीत पडला, तिथून सगळं सुरू झालं. काचबिंदूनं आईची नजर गेली आहे. उजेड आणि अंधार तेवढा कळतो. अहमदपूरचं घर बंद करून ती लातूरला माझ्याकडे आली तेव्हा तो फोन कनवटीला लावूनच आली होती. बटणांवरचे आकडे कधीच पुसले गेले होते. तिचं त्यावाचून काही अडत नव्हतं.

मी तो ओला फोन सगळे ठेवतात तसा तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवला, पण मनात म्हटलं, बरं झालं, सुंठीवाचून खोकला गेला. आता आईला मोठा फोन घेऊ. नुसतं नाव घेतलं की तो आपला आपण कॉल लावतो. आई म्हणाली, "मला बटणाचाच दे गं बाई." मी ऐकलं नाही. मास्तरीण माणूस, ऐकायची सवय कुठून असणार?

जुनं सिम नव्या फोनच्या खाचेत मावेना. चौकातल्या दुकानदारानं ते एका चापात धरून कापलं आणि बसवून दिलं. पडद्यावर अक्षरं आली, 'सिम नाही'. काढलं, पुसलं, फुंकर मारली, माझ्या फोनमध्ये घालून पाहिलं. तेच. सिमवरच्या सोनेरी चिपचा काठ कापला गेला होता. मग आईला ऑटोत बसवून कंपनीच्या गॅलरीत नेलं, कारण त्याच नंबरचं नवं सिम हवं तर ज्याच्या नावावर आहे त्याचा अंगठा लागतो. आईचा अंगठा यंत्र घेईना. पुसून झाला, ओला करून झाला. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "रेषाच न्हाईत राहिल्या आजींच्या अंगठ्याला." शेवटी करंगळीशेजारचं बोट यंत्राला पटलं. "उद्या दुपारपर्यंत चालू होईल," तो म्हणाला.

"उद्या?" आई तिथल्या खुर्चीवरून ताडकन उठली. "अन् आज धाकटीला घंटी कोण देईल?"

धाकटी म्हणजे माझी मावशी. ती इस्लापूरला एकटी राहते. दोघी बहिणी रोज दिवेलागणीला एकमेकींना घंटी देतात. आईनं दोन वाजवून ठेवायचं, मग मावशीनं दोन वाजवून ठेवायचं. बोलायचं रविवारी. एरवी, मी आहे, तू आहेस, एवढं कळलं की झालं. मागच्या उन्हाळ्यात तिकडचा टॉवर बंद पडला आणि दोन दिवस घंटी गेली-आली नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे मावशी इकडे यायला निघाली. नांदेडच्या बसस्टँडवर गाडी बदलताना चक्कर येऊन पडली, अनोळखी लोकांनी दवाखान्यात नेलं. तेव्हापासून तिचं हृदय अधू आहे.

"आज तर फोनच बंद लागंल तिला," आई म्हणाली. "ती उद्याची वाट न्हाई बघायची. निघंल."

"मग माझ्या फोनवरून सांगू की," मी म्हणाले आणि मावशीचं नाव काढून कॉल लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं उत्तर आलं. मावशीनं दोन वर्षांपूर्वी नंबर बदलला होता. आईनं मला तेव्हाच सांगितलं होतं, तुझ्या फोनमध्ये घालून ठेव. मी म्हटलं होतं, घालते नंतर. माझ्या फोनमध्ये गॅसवाला आहे, तीन ब्यूटी पार्लर आहेत, सख्खी मावशी नाही. नांदेडच्या मामेभावाला विचारलं, त्याच्याकडेही जुनाच. मला फार लाज वाटली.

घरी येईपर्यंत ऊन उतरलं होतं. "आई, नंबर सांग, मी लिहिते."

"मला सांगता न्हाई येत."

"रोज लावतेस आणि सांगता येत नाही?"

"आकडे मी कुठं बघितले? ती इथं येऊन चार दिवस राहिली, तवा माझा अंगठा धरून फिरवून घेतला तिनं. हाताला ठावं हाय. मला न्हाई."

मी तिच्या हातात नवा फोन दिला. त्या गुळगुळीत काचेवर तिचा अंगठा नुसता चाचपडत राहिला. मग ती म्हणाली, "माझा फोन दे."

"तो मेलाय गं."

"दे तर खरं."

मी तांदळातून फोन काढून दिला. आईनं तो झटकला, डोळे मिटले, आणि अंगठा मधल्या बटणावर टेकवला. त्या बटणावर एक बारीक उंचवटा आहे, हे इतक्या वर्षांत मला ठाऊक नव्हतं. तिथून तिचा अंगठा निघाला. वर, बाजूला, खाली, पुन्हा मध्ये. शेवटचं बटण दाबून तिनं तो मेलेला फोन कानाला लावला, आणि मग स्वतःच हसली.

"सावकाश कर, मला दिसलं नाही."

सावकाश तिला येईना. मध्येच थांबवलं की वाट चुकायची, पुन्हा पहिल्यापासून. मग मी माझ्या फोनवर तिच्या हाताचं चित्रण केलं, आणि ते हळूहळू पुढे सरकवत कोऱ्या बटणांच्या ओळी मोजून एकेक आकडा लिहिला. खात्रीसाठी दुसऱ्यांदा चित्रण केलं. दहाच्या दहा आकडे तेच. एकही इकडचा तिकडे नाही. मी वहीकडे आणि त्या अंगठ्याकडे आळीपाळीनं बघत राहिले. पोरांचे पाढे पाठ करून घेण्यात माझा जन्म गेला, पण असं पाठांतर मी पाहिलं नव्हतं.

कॉल लावला. पूर्ण वाजला, कुणी उचललं नाही. पुन्हा लावला. तेच. माझा धीर सुटला. एखादा आकडा चुकला असेल?

"आकडा न्हाई चुकला," आई म्हणाली. "अनोळखी नंबर ती उचलत न्हाई. कुणीतरी बँकेतून बोलतोय म्हणून भेवडावलं होतं तिला. थांब. दिवा लागू दे."

मी देवापाशी दिवा लावला. वास आला तशी आई म्हणाली, "आता लाव. दोन वाजू दे अन् ठेव."

लावला. एक. दोन. ठेवला.

माझा नंबर मावशीच्या लेखी परका होता. असे परके नंबर दिवसातून कितीतरी येत असतील. तिला कसं कळावं? मी घड्याळाकडे बघत होते, आई कुठेच बघत नव्हती.

फोन वाजला. मी झडप घालणार तोच आईनं माझं मनगट धरलं. एक. दोन. बंद झाला.

"वळखलं," आई म्हणाली, आणि पदरानं तोंड पुसलं.

मला रडू येत होतं. ते लपवायला मी म्हटलं, "थांब, आधी हा नंबर सेव्ह करते."

"कर. पर त्याच्यावर इसंबून नगं राहू," ती म्हणाली. "आण तुझा अंगठा."

तिनं तो मेलेला फोन माझ्या हातात दिला, आपला रेषा नसलेला अंगठा माझ्या अंगठ्यावर ठेवला आणि मधल्या उंचवट्यावर नेऊन टेकवला. "इथून निघायचं," ती म्हणाली. मी तीनदा चुकले.