नाथाभाऊंची साखर आणि पालखीचा पहिला खांदा

आमच्या मीरा रोडला दर चार पावलांवर मेडिकल आहे. तरीही माझ्या समोरच्या दारातले नाथाभाऊ घाणेकर औषध आणायला भाईंदरला जायचे आणि तिथून बस पकडून थेट मुर्ध्याला. हे मला कळलं ते बोंबलांमुळे. मी सुके बोंबील घ्यायला मुर्ध्याला गेलो होतो, तर हे मेडिकलच्या पायरीवर, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखे उभे.

"बाम घ्यायला आलेलो," मी न विचारताच ते म्हणाले.

पिशवी पातळ होती. आत बाम नव्हता, साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्यांची पाकिटं दिसत होती. मी कुणाला काही बोललो नाही. म्हणजे फक्त बायकोला बोललो. तर ती म्हणाली, "आत्ता कळलं तुम्हाला? संक्रांतीला सुगंधावहिनी नवऱ्याच्या वाटणीचा तिळगूळ दरवर्षी आपल्याकडे आणून देतात, तो काय प्रेमाने?"

नाथाभाऊ विशीत रत्नागिरीहून आले आणि एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला लागले. पुढे सुपरवायझर झाले, तरी खोके स्वतःच उचलायचे. आजारी पडणं हा त्यांच्या मते ऑफिसात बसणाऱ्यांचा उद्योग. अशा माणसाला साखर झाली, तर ती लपवण्यात नवल नव्हतं. पण खरं कारण वेगळं होतं. गावी शिमग्याला देवीची पालखी निघते, तेव्हा पहिला खांदा घाणेकरांचा. वडिलांच्या मागे तो मान नाथाभाऊंकडे आला. पालखी नुसती उचलायची नसते, ढोलावर नाचवायची असते. साखर, बीपी वाडीत कळलं तर भावकी प्रेमानेच म्हणणार, नाथा, तू आता बाजूला बस. त्या प्रेमाची त्यांना भीती.

मागच्या वर्षी कंपनीने गाशा गुंडाळला. नोकरी गेली, नोकरीबरोबर मेडिक्लेमही गेला. आता स्वतःची पॉलिसी घ्यायची वेळ आली. आणि इथे नाथाभाऊंनी घोळ घातला. एजंट निवडला तो पराग, त्यांच्याच वाडीतला. काशिमीऱ्याला राहतो. "आपला माणूस बरा," म्हणाले. ज्या वाडीपासून साखर लपवायची, त्याच वाडीचा माणूस फॉर्म भरायला सोफ्यावर. मी अर्थातच चहाला होतो.

"काका, शुगर?"

"नाय."

"बीपी?"

"अरे घोडा हाय मी."

आत स्वयंपाकघरात झाकण पडलं. वहिनींच्या हातून ते सहसा पडत नाही.

पॉलिसी घरी आली, नवरा-बायकोची एकत्र. देव्हाऱ्याजवळ ठेवली. वहिनींना मात्र झोप लागेना. त्यांच्या वापीच्या मामेभावाने असाच बीपी लपवला होता. ऑपरेशनच्या वेळी जुने कागद निघाले, क्लेम गेला आणि मागोमाग पॉलिसीही गेली.

"ते गुजरात झालं," नाथाभाऊ म्हणाले. "राज्याराज्याचे नियम वेगळे असतात. आपल्या महाराष्ट्रात एवढं कडक नाय."

"भावोजी, खरं का हो?" वहिनींनी मला विचारलं.

मला काय माहीत. पण माहीत नाही म्हणणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून मी म्हटलं, कंपनीच्या हेल्पलाइनलाच विचारू. फोन स्पीकरवर टाकला.

"सर, हेल्थ इन्शुरन्स का नियम पूरे देश में एक ही है," पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली.

नाथाभाऊंनी हुकमाचं पान काढलं. "पर पाच साल के बाद कंपनी कुछ पूछ नहीं सकती ना?"

"फ्रॉड निकला तो पूछ सकती है, सर. और पाच साल के अंदर पता चला तो पॉलिसी कॅन्सल भी हो सकती है."

"मेरी?"

"पॉलिसी एक ही है सर. मॅडम का कव्हर भी जाएगा."

नाथाभाऊंनी वहिनींकडे पाहिलं. आपली साखर आपल्याच अंगात राहील, एवढाच त्यांचा हिशेब होता. ती बायकोच्या पॉलिसीत शिरेल हे ध्यानीमनी नव्हतं. मग मुलीने सांगितलं की पॉलिसी हातात आल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते, थोडे पैसे कापतात, आणि खरं लिहून नवीन घेता येते. सांगितलेल्या आजारासाठी मात्र तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं.

फोन ठेवला. मी एखादा विनोद करणार होतो, पण वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चहाच प्यायलो. नाथाभाऊंनी परागला फोन लावला. "जरा घरी ये. एकटा ये."

पराग आला. नाथाभाऊ खिडकीकडे तोंड करून बोलले, सगळं बोलले. आठ वर्षांची साखर, बीपी, मुर्ध्याचं मेडिकल, पालखी.

"काका, तेव्हाच सांगायचं ना," पराग म्हणाला. "तुम्ही घोडा म्हणालात. घोड्याचा विमा वेगळा असतो, तो आमच्याकडे नाय."

नाथाभाऊ हसले नाहीत. "वाडीत..."

"गिऱ्हाइकाचं दुखणं गावभर केलं तर मला कोण दारात उभं करील? पण काका, पालखीचं काय ते डॉक्टरला विचारा. मला नको."

जुनी पॉलिसी परत गेली, नवीन आली. हप्ता वाढला, साखर-बीपीला तीन वर्षांची वाट. डॉक्टरांनी पालखी उचलायला हो म्हटलं, नाचवायला नाही. त्यावर नाथाभाऊ चार दिवस माझ्याशीही बोलले नाहीत.

शिमगा झाला, घाणेकर परतले. वहिनींनी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. नाथाभाऊंनी पहिला खांदा घेतला, देवळासमोरच्या वळणापर्यंत सावकाश चालले. ढोल घुमायला लागला तसा त्यांनी पुतण्याला, निहारला हाक मारली आणि दांडा स्वतःच्या हाताने त्याच्या खांद्यावर ठेवला. मग बाजूला होऊन टाळ्या वाजवू लागले. डोळे पुसले की घाम, ते व्हिडिओत नीट दिसत नाही. मी दोनदा पाहिला.

"कुणी विचारलं नाही?" मी म्हणालो.

"विचारलं ना. ह्यांनी सांगून टाकलं, शुगर आहे म्हणून."

"मग?"

"मग काय, तिघं-चौघं एकेक करून ह्यांना, पालखी टेकते त्या सहाणेमागे घेऊन गेले. गोळीचं नाव विचारत होते."

आता नाथाभाऊ औषध खालच्याच मेडिकलमधून घेतात. मुर्ध्याला मी एकटाच जातो, बोंबलांना.