फोटोच्या पोटातला पत्ता

डिचोलीत माझं चष्म्याचं दुकान आहे. रविवारी सकाळचं फिरणं झालं की आमची पाखरांचे फोटो काढणारी मंडळी तिथेच टेकतात. चहा-पाव होतो, मंडळी जातात आणि एखादा किस्सा दुकानात राहून जातो. त्यातले बहुतेक शैलाताईंचे. ताई सर्वणच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या आणि आमच्या सगळ्यांच्या फोटोंच्या राखणदार.

ही राखण सुरू झाली मोरजीच्या उल्हासमुळे. त्याने मुळगावात घुबडाच्या ढोलीचा झकास फोटो काढला. कुणा अनोळखी हौशी माणसाने मागितला, तर दर्जा उतरू नये म्हणून याने मूळ फाईलच पाठवली. पुढच्या रविवारी झाडाखाली गाड्या, कॅमेरे, गलका. घुबडाची जोडी ढोली सोडून गेली.

उल्हास शपथेवर सांगत होता, मी गावाचं नावसुद्धा घेतलं नाही. ताईंनी त्याच फोटोची माहिती उघडून दाखवली. तारीख, वेळ आणि नकाशावर नेमकं ते झाड!

"तू नाही सांगितलंस. तुझ्या फोटोने सांगितलं."

तेव्हापासून आतली माहिती काढून टाकल्याशिवाय आमचा एकही फोटो बाहेर जात नाही. आणि त्यानंतर आमच्यामुळे एकही घरटं मोडलेलं नाही, हे आम्ही छाती पुढे काढून सांगतो.

मग एकदा उल्हास कामावर तापाचं कारण सांगून सावंतवाडीला मित्राच्या लग्नाला गेला. तिथल्या खोलीत चादर ओढून फोटो काढला आणि साहेबांना पाठवण्याआधी ताईंकडे धाडला, लोकेशन तेवढं काढून द्या म्हणून. उत्तर आलं, "मी पाखरांचे पत्ते लपवते, तुझ्या थापा नव्हे."

रेश्माची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ही ताईंची जुनी विद्यार्थिनी. नवऱ्याच्या मारहाणीतून सुटून दुसऱ्या गावी शिवणकाम करू लागली. ब्लाऊजचे फोटो टाकावेत तर तो माग काढील, ही धास्ती. ताईंनी तिच्या कॅमेऱ्याचं लोकेशन बंद केलं, जुन्या फोटोंतली माहिती काढून टाकली. एका फोटोत खिडकीतून देवळाचा कळस दिसत होता, तो फोटोच बाद केला.

एक दिवस नव्या नंबरवरून गिऱ्हाईक आलं, मूळ फाईल मागितली. तिने पाठवली. पुढच्या बोलण्याच्या ढबीवरून तिने ओळखलं, हा तोच. तिने लगेच ताईंना फोन केला.

"भिऊ नको गो," ताई म्हणाल्या. "त्या फायलीत ब्लाऊज सोडून काही नाही."

तो आला नाही. रेश्मा आता शिवणाचा वर्ग चालवते.

यंदा मोरजीला कासवाने अंडी घातली. ताईंनी सकाळीच घरट्याचा फोटो काढला, आतली माहिती पुसून ग्रुपवर टाकला. वाळूतला कासवाचा माग पायाने पुसला आणि वनखात्याची माणसं येईपर्यंत घरट्याला लागूनच छत्री उघडून बसल्या. फोटो हा हा म्हणता सगळीकडे पोचला. दुपारी काही कॅमेरेवाले घामाघूम होऊन आले. सकाळपासून एकेक किनारा पालथा घालत होते म्हणे. एकाने ताईंपुढेच तो फोटो धरला.

"मावशे, ही जागा खंय ती?"

ताईंनी चष्मा पुसला, फोटो नीट निरखून पाहिला.

"फोटो बरो आयला," त्या म्हणाल्या. "काढणाऱ्याक विचार."