कोरी बाटली

आमच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुणाऱ्या बाईंना सगळे ‘चकचक काकू’ म्हणतात. बावीस वर्षं त्यांचं हेच काम: साबण, गरम पाणी, मग द्रावक, मग चारशे अंशांची भट्टी. हाताला क्रीम लावत नाहीत, कारण क्रीमसुद्धा बाटलीत उतरतं. तोंडाने फटकळ, धुतलेल्या झाकणाला कुणी उघडा हात लावला, की त्याची खैर नसते.

या बाटल्या ध्रुवाकडे जातात. उष्ण भागात शेतांवर फवारलेली जुनी कीटकनाशकं हवेत उडतात, वाऱ्याबरोबर लांब जातात आणि थंडीत खाली बसतात. दगडफूल ती धरून ठेवतं, रेनडिअर दगडफूल खातो, लांडगा रेनडिअरला. समुद्रातले मासे खाणारे पक्षी कड्यांवर राहतात, त्यांच्या विष्ठेतूनही हे विष मातीत मुरतं. वर्षानुवर्षं ते हटत नाही. आमचे साहेब तिथली माती भरून आणतात, मी यंत्रावर मोजते. सोबत एक कोरी बाटली जाते. ती तिथे नुसती उघडायची, बाकीच्या भरून होईपर्यंत तशीच ठेवायची आणि बंद करायची. ती स्वच्छ निघाली, तरच बाकीचे आकडे खरे.

यंदा कोऱ्या बाटलीत विष निघालं. अख्ख्या उन्हाळ्याची मेहनत पाण्यात गेली म्हणून साहेबांनी डोक्याला हात लावला आणि खापर फुटलं काकूंवर. धुण्याचं काम बाहेर द्यायची भाषा सुरू झाली. मीही मान डोलावली, याची मला आज लाज वाटते. काकूंनी शिल्लक राहिलेल्या सगळ्या बाटल्या तीन दिवस पुन्हा धुतल्या.

चौथ्या दिवशी त्या माझ्या टेबलाशी आल्या.

“विष कुठलं निघालं गं?”

“म्हणजे?”

“मातीत आहे तेच, की दुसरंच काही?”

मी फक्त एकूण आकडा वाचला होता. आता कागद नीट पाहिला. मातीत कीटकनाशकं होती. कोऱ्या बाटलीत त्यांतलं एकही नव्हतं. होतं ते फोमच्या गाद्या पेटू नयेत म्हणून त्यांत घालतात ते रसायन. आणि धुण्याच्या खोलीत तर काकू खुर्चीवर साधी उशी ठेवू देत नाहीत.

साहेबांना विचारलं. त्यांनी चष्मा काढून उगाच पुसला.

“वारा फार होता. बाटली कलंडेल म्हणून झोपडीत नेली. तिथे जुन्या गादीवर ठेवून उघडली.”

म्हणजे धुणं चोख होतं, आणि कीटकनाशकांचे आकडेही शाबूत होते.

“काकू, चूक माझी,” साहेब म्हणाले. “काम तुमच्याकडेच राहील.”

“ते राहील हो,” काकू म्हणाल्या. “पण तीन दिवस धुता धुता मलाच वाटायला लागलं, की माझे हात आता पहिल्यासारखे राहिले नाहीत. घरी लेकीलाही तसंच सांगून बसले.”